कानसेनांचा ट्रेबल

मंगळवार, ११ नोव्हेंबर
सकाळी पाणी उशिरा आले. धोब्याकडून दोन चादरी आल्या, एकीवर पिवळा डाग तसाच. दुपारी भावजी टॅक्सी घेऊन आले आणि यांचा ॲम्प्लिफायर घेऊन गेले. ड्रायव्हरने एका बाजूने उचलला आणि विचारले, यात दगड भरलेत का. भावजी म्हणाले, "माझा भाऊ आहे, जपून." कोपऱ्यातली फरशी बाकीच्या फरशीपेक्षा उजळ निघाली. पुसून घेतली. संध्याकाळी लेकीचा फोन. गुडघा बरा.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते, आणि घरातला रेडिओ जेवणाच्या टेबलावर उताणा पडलेला होता. सासूबाई म्हणाल्या, "नवी सून घरात आलीय, निदान आज तरी त्याचं पोट शिवून टाक." भावजींनी मानही वर केली नाही. आधी रेडिओला बोलते केले, मग जेवायला बसले.

पुढे त्यांनी तोच धंदा केला. रस्त्याच्या टोकाला एका जिन्याखाली त्यांचे दुकान होते. आत एकच माणूस मावत असे, गिऱ्हाइकाने बाहेर उभे राहून बोलायचे. हॉटेलांत आणि नाचाच्या हॉलमध्ये गिटार वाजवणारे लोक आपले व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर त्यांच्याकडे आणत. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या त्या नळ्या, ज्या तापल्या की आत निखाऱ्यासारख्या दिसतात आणि ज्यांच्यामुळे गिटारीचा आवाज मोठा होतो. भावजी मीटर नंतर लावत. आधी स्पीकरसमोर तोंड करून डोळे मिटून बसत आणि मग सांगत, दुसरी नळी थकली आहे, किंवा आत कुठेतरी तारेच्या जोडाचा डाग सुटला आहे. यांनीच त्यांचे नाव कानसेन पाडले. गाणारा तो तानसेन, ऐकणारा तो कानसेन. बँडची सगळी माणसे त्यांना त्याच नावाने हाक मारू लागली. दुकानाच्या पाटीवरचे नाव कुणाला ठाऊकही नसावे.

लग्न त्यांनी केले नाही. कुणी विचारले की म्हणत, "दिवसभर दुसऱ्यांची भुणभुण शोधतो, घरी स्वतःची कशाला आणू?"

हे दिवसा एका कचेरीत हिशेब बघत आणि शनिवारी हॉटेलात गिटार वाजवत. यांचा ॲम्प्लिफायर जुना होता, गाव सोडून जाणाऱ्या एका वादकाकडून घेतलेला. त्यावर सहा बटणे होती. यांनी ती एकदा ठरवली ती ठरवली. कुणी हात लावलेला यांना खपत नसे, मी धूळ पुसायला गेले तरी हे मान वळवून बघत. भावजींना मात्र मोकळीक होती. तीस वर्षे त्या पेटीचे दुखणे-खुपणे त्यांनीच पाहिले. यांच्यानंतर पेटी कोपऱ्यात चादरीखाली राहिली आणि भावजी दर रविवारी येऊन तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसत राहिले.

धंदा हळूहळू बसत गेला. वादक आता डब्याएवढे यंत्र खांद्याला लावून येत. त्यात व्हॉल्व्ह नसतात. जुन्या नावाजलेल्या ॲम्प्लिफायरांचे आवाज त्यात गणिताने बसवलेले असतात. एक बटण फिरवायचे आणि कुठला ॲम्प्लिफायर हवा ते निवडायचे. भावजी त्याला म्हणत, फोटोला जेवायला वाढणे. आणि आमची एकुलती एक लेक नेमकी असले डबे बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत नोकरीला लागली.

तिने एकदा तो डबा घरी आणला. भावजी आलेलेच होते. त्यांनी डबा उलटा करून बघितला.

"यात नळ्या कुठेयत?"

"नाहीयेत, काका."

"मग तापतं काय?"

"काहीच तापत नाही."

"न तापणारा ॲम्प्लिफायर म्हणजे न रडणारं बाळ," भावजी म्हणाले. "दिसायला गुणी, पण आधी डॉक्टरला दाखवावं."

लेक वडिलांसारखी, चिडत नाही. ती म्हणाली, "तुम्ही फोटो म्हणता ना, तसं नाहीये ते. फोटो एका क्षणाचा असतो. आम्ही आतला एकेक भाग काय करतो त्याचं गणित मांडतो. हे बटण इथे असताना ते बटण तिकडे नेलं तर काय होईल, तेसुद्धा. तुम्ही कसंही फिरवा, मूळचा जसा वागला असता तसाच हा वागणार."

"वागणार? म्हणजे उद्धटपणापण करणार?"

"करून बघा की."

भावजींनी तिला एक जुना ॲम्प्लिफायर निवडायला लावला, त्यांच्या ओळखीचा. तिने गिटार जोडली. ती वाजवत असताना त्यांनी डब्यावरची बेस, मिडल आणि ट्रेबल, म्हणजे खालच्या, मधल्या आणि वरच्या सुरांची, तिन्ही बटणे शून्यावर आणली. आवाज पार मेला. मला वाटले, बिघडला. भावजींनी मिडल अगदी किंचित उघडले तसा तो दाराच्या फटीतून यावा तसा परत आला. मग त्यांनी ट्रेबल चढवला, तर बेस आपोआप मागे सरला.

ते हसायला लागले. मला समजावून सांगितले की त्या जुन्या पेटीची ही खोडच होती. तिची तिन्ही बटणे एकाच घरातल्या जावांसारखी, एकीने पाय पसरले की दुसरीला अंग चोरावे लागते, आणि तिघी रुसल्या की घरात शब्द नाही. नव्या यंत्रात असे होण्याचे काही कारण नव्हते. तरी होत होते.

"खोडसुद्धा उतरवलीत की."

"खोड काढली तर तो तो राहतच नाही, काका."

मग तिने तारेवर जोरात आघात केला. आवाज क्षणभर दबला आणि पुन्हा फुगून वर आला, तापलेल्या नळ्यांना वीज कमी पडली की होते तसा. भावजी म्हणाले, "दमपण खातोय बेटा." त्या दिवशी त्यांचा डब्यावर विश्वास बसला.

पुढची गोष्ट लेकीने काढली. कंपनीला एखादा असा ॲम्प्लिफायर हवा होता जो दुसऱ्या कुणाच्या डब्यात नाही. "बाबांचा उतरवू या का?"

भावजींनी हातातला कप खाली ठेवला. यांना जाऊन नऊ वर्षे झाली होती. यांच्या वाजवण्याचे काही मागे राहिले नव्हते. एका लग्नातली कॅसेट आहे, पण तिच्यात गिटारीपेक्षा ताटल्या जास्त वाजतात. यांचा म्हणून जो आवाज होता तो त्या पेटीत होता, आणि पेटी दर वर्षी जुनी होत होती.

"एकदा उतरवला की राहील," भावजी म्हणाले. "आपण तिघं गेलो तरी राहील." मग लेकीला बजावले, "पण आधी मला दे. इतकी वर्षं बंद आहे. आजारी माणसाचं चित्र काढू नये."

म्हणून ते अकरा तारखेला टॅक्सी घेऊन आले.

त्यानंतर दोन रविवार ते आले नाहीत. मी दुकानात गेले. पेटीची पाठ उघडी होती आणि भावजींनी दाढी केलेली नव्हती.

"पांघरूण तोंडावर घेऊन बोलतोय दादा," ते म्हणाले. "आहे आत, पण वरचं काही बाहेरच येत नाहीये. ती धार नाहीये."

त्यांनी आतले कंडेन्सर बदलले होते, पडून राहिले की ते सुकतात. नळ्या बदलल्या होत्या. फरक पडला नव्हता. तेव्हा त्यांना खात्री झाली की दोष स्पीकरचा आहे. स्पीकरचा कागदी शंकू वाजून वाजून मऊ पडतो. यांचा तर तीस वर्षे वाजलेला. त्यांनी तो काढून टाकला आणि नवा, कडक कागद बसवून घेतला. शिवाय आवाजातले उंच सूर पुढे ढकलणारा एक बारीकसा कंडेन्सर असतो, तोही मोठा घातला. मग दुसरा, आणखी मोठा.

डिसेंबरात त्यांनी मला बोलावून घेतले. एक ओळखीचा वादक गिटार घेऊन आला होता. भावजी डोळे मिटून बसले. त्याने वाजवले आणि भावजींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

"आला," ते म्हणाले. "आला की नाही, वहिनी?"

मला तो आवाज टोकदार वाटला. मी तसे म्हटले. "जरा टोचतोय का हो?"

"तुम्ही आयुष्यभर स्वयंपाकघरातून ऐकलंय. मधे भिंत होती. भिंत वरचे सूर खाते. समोर बसून ऐकला कधी?"

खरे होते. मी समोर बसून क्वचितच ऐकला होता. आणि कानसेनांना आवाजातले मी काय सांगणार.

कंपनीत पेटीची मोजमापे झाली. एकेक बटण थोडे थोडे फिरवून दर वेळी आत काय जाते आणि बाहेर काय येते ते टिपून घेतले, आतले सगळे भाग तपासले. डबा तयार झाला तेव्हा लेकीने काकांना पाठ करून बसवले आणि एकदा पेटीतून, एकदा डब्यातून वाजवले. कुठला कुठला ते त्यांना सांगता आले नाही. हरल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी पाहिला नाही. फोनवर किती तरी वेळ तेच सांगत होते. "दादा डब्यात बसला, वहिनी. पाय पसरून बसला."

मग डबा बाहेरच्या काही वादकांकडे वापरून बघायला गेला.

लेक एका शनिवारी आली आणि पिशवी खाली न ठेवताच बसली. मी विचारल्यावर म्हणाली, "सगळ्यांचं एकच म्हणणं आहे. कान चिरतो. सगळे जण ट्रेबल एक-दोनवर ठेवून वाजवतायत, तरी डोकं दुखतं म्हणतात."

भावजींना कळले तेव्हा ते म्हणाले, "आजकालच्या पोरांनी कानात बोळे घालून घालून कान मऊ केलेत. त्यांना धार सोसत नाही."

लेकीने गणित पुन्हा तपासले. डबा पेटीशी तंतोतंत जुळत होता. तेव्हा तिने काकांचा शब्द बाजूला ठेवून पेटीच वाजवली, आणि पेटीही कान चिरत होती. तिने पाठ उघडून आतले भाग पाहिले. तसल्या पेटीत त्या जागी कुणी घालणार नाही एवढा मोठा कंडेन्सर आत होता.

पुढच्या रविवारी भावजी आमच्याकडे आले तेव्हा तिने जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर ठेवला. "काका, एक सूर लावते. तो वर वर जाईल. ऐकू यायचा थांबला की हात खाली करा."

"माझी परीक्षा?"

"सगळ्यांचीच. आईचीपण."

आम्ही दोघांनी हात वर केले. सूर निघाला, शिट्टीसारखा, मग बारीक, मग आणखी बारीक. भावजींनी हात खाली केला. मला वाटले दमले असतील. सूर चालूच होता. लेक कॉम्प्युटरकडे बघत राहिली, त्यांच्याकडे तिला बघवत नव्हते.

भावजी म्हणाले, "बंद केलास ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. माझा हात वर होता.

"वहिनी, तुम्हाला येतोय अजून?"

मी हो म्हटले. दुसरे काय म्हणणार? सूर त्यानंतरही बराच वर गेला आणि मी हात वर धरून बसले, कारण खाली करणे खोटे झाले असते.

कानाच्या डॉक्टरांनी पुढे तेच सांगितले. वरचे सूर कित्येक वर्षांपूर्वीच गेले असणार. बोलणे ऐकू येते म्हणून कळले नाही. जन्मभर स्पीकरसमोर तोंड करून बसलेल्या माणसाचे असेच होते. उपाय नाही.

मला समजायला वेळ लागला, लेकीने दोनदा सांगितले तेव्हा समजले. भावजी पेटीचा आवाज आठवणीशी जुळवत होते. आठवण तरण्या कानांची होती आणि ऐकणारे कान म्हातारे. त्यांना पेटी मंद वाटली ती पेटी मंद होती म्हणून नव्हे. पेटी तशीच होती, यांनी ठेवली तशी. त्यांनी तिला धार लावत नेली, आपल्या कानांतून पोचून आठवणीएवढी होईपर्यंत. आणि डब्याने ती इमानाने उतरवली. यांचा आवाज नाही उतरला. भावजींचे बहिरेपण उतरले, खोडीसकट, बटणाबटणाला.

"जुनं परत घालता येईल का?" मी लेकीला विचारले.

"कंडेन्सर घालता येतील. आधी कुठले होते ते अंदाजाने. पण स्पीकरचा कागद गेला, आई. तो बाबांच्या वाजवण्यानं मऊ झालेला होता. काकांनी कचऱ्यात टाकला."

तरी तिने प्रयत्न केला. अंदाजाने भाग बदलले, पुन्हा मोजमापे घेतली, डबा घरी आणून मला समोर बसवले. "आता तू सांग. असा होता?"

ती वाजवत होती. आवाज गोड होता, त्रास देत नव्हता. तिने बटणे इकडेतिकडे केली, दर वेळी माझ्याकडे पाहिले. असाही असेल. तसाही असेल. तीस वर्षे तो आवाज भिंतीपलीकडे होता आणि मला वाटे, मला तो पाठ आहे. मला धून आठवत होती, हे कुठल्या खुर्चीवर बसत ते आठवत होते. आवाज आठवत नव्हता.

"मला नाही सांगता येत," मी म्हटले.

"मग कोण सांगणार?" ती म्हणाली, आणि रडली नाही. वायर गुंडाळत बसली. बँडमधले बाकीचे कधीच गेले होते. एक ढोलवाला उरला होता, त्याला आता स्वतःची मुलेही ओळखू येत नाहीत.

कंपनीने तो आवाज यादीतून काढला. डबा मात्र लेकीने माझ्याकडे ठेवला, आत दोन्ही आवाज होते, काकांचा आणि तिच्या अंदाजाचा.

फेब्रुवारीपासून भावजी रोज संध्याकाळी येऊ लागले, आणि त्यांच्या चहासाठी मी दूध अर्ध्याचे एक लिटर केले. त्यांना वाजवता येत नाही. लेकीने आपले वाजवणे डब्यात भरून ठेवले होते, ते ते लावत. पहिल्या दिवशी तिचा अंदाजाचा आवाज लावला. जरा वेळ ऐकून म्हणाले, "यात कुणी नाहीये." मग आपला लावला आणि ट्रेबल दहावर नेला. "हा. हा आहे दादा." चहा घेत, डोळे मिटून बसत. मी समोर बसे. त्यांना सोबत हवी असे आणि मला उठून जाणे बरे दिसत नसे. दाढेत सुई फिरवावी तसा तो आवाज होता. दोन-तीन दिवसांनी मी ते यायच्या आधी कानात कापूस घालू लागले आणि पदर डोक्यावरून घेऊ लागले.

मार्च संपत आला होता. त्या दिवशी उकडत होते आणि पंख्याने पदर घसरला. मी सावरेपर्यंत त्यांनी पाहिले.

ते उठले नाहीत. बटण खाली करून त्यांनी आवाज थांबवला.

"सर्दी झालीय का, वहिनी?"

मी कापूस काढून हातात घेतला.

"कधीपासून?"

"तुम्ही येताय तेव्हापासूनच."

"एवढा वाईट आहे?"

"मला सोसत नाही. तुम्हाला बरं वाटतं म्हणून."

ते डब्याकडे बघत राहिले. "मला वाटत होतं मी तुम्हाला दादा ऐकवतोय," ते म्हणाले. "तुमच्यासाठी लावत होतो. मला काय, मला डोक्यात ऐकू येतोच."

मला वाटले काही तरी बोलावे. यांनाही तुमचाच कान लागायचा, असे काही तरी. पण ते आता बोलण्यासारखे राहिले नव्हते.

"पोरीला सांगा, माझा आवाज पुसून टाक म्हणावं," ते म्हणाले. "कुणी चुकून लावला तर म्हणेल, असा कसा वाजवायचा तो माणूस. दादाच्या नावावर नको."

"आणि तिचा?"

"तोपण कशाला? त्यात कुणीच नाही."

त्यांनी डबा बंद केला. जुन्या पेटीतल्या नळ्या बंद केल्यावर हळूहळू विझत, निखारे विझावेत तसे, आणि तेवढा वेळ हे बोलत बसत. डब्याचा दिवा एकदम गेला. भावजींनी चप्पल घातली. दारात म्हणाले की दुकानाची किल्ली मालकाला देऊन टाकली आहे, चार दिवस झाले, सांगायचे राहिले होते. मी म्हटले, उद्या या, नुसते बसू. ते म्हणाले, "नुसतं बसून काय ऐकायचं, वहिनी?" आणि जिना उतरून गेले.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, पुसते. मी भांडी विसळली, कपडे आत आणले आणि वही उघडली. तारीख घातली. त्या दिवसाची नोंद एकाच ओळीची आहे: उद्यापासून दूध अर्धा लिटरच टाकायला सांगितले.